फोनमध्ये शेजारी बोलतोय!

पत्र

सप्रेम नमस्कार. आम्ही मंगळवार पेठेत राहतो. घर जुनं, फोनचा नंबरही जुना. लँडलाइन ठेवलीय ती सासूबाईंसाठी. त्यांना मोबाइलवर नीट ऐकू येत नाही आणि गडहिंग्लजच्या नणंदेचा रोज रात्री आठला याच नंबरवर फोन येतो. दिवाळीपासून एक नवाच ताप सुरू झालाय. बोलता बोलता मध्येच कुणीतरी नाकातून बोलल्यासारखा आवाज येतो. शब्द एकही कळत नाही, बोलण्याची लय तेवढी कळते. कधी नुसतंच टक्-टक् वाजतं. सासूबाई म्हणतात, आपला फोन कुणीतरी चोरून ऐकतंय. लेकीशी बोलणंच त्यांनी कमी केलंय.

पलीकडच्या घरातल्या भाऊजींना वायरलेसचा नाद आहे. दिवाळीत त्यांनी गच्चीवर लांबलचक तार ओढली, ती आमच्या कठड्याला लागून जाते. आमच्या ह्यांनी विचारलं तर म्हणाले, "माझ्याकडं सरकारी लायसन आहे. दोष तुमच्या फोनात आहे." तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. आधी रोज सकाळी रंकाळ्याला बरोबर फिरायला जायचे! आता हे म्हणतात, एक दिवस पक्कड घेऊन ती तार तोडतो, नाहीतर पोलिसात अर्ज देतो. लाइनमन येऊन गेला, पण तो होता तेव्हा आवाजच आला नाही. पुण्याचा मुलगा म्हणतो, लँडलाइनच काढून टाका. वरच्या मजल्यावर सासूबाईंच्या खोलीत एक जास्तीचा फोन आहे, खाली एक. ब्रॉडबँडही याच लाइनवर आहे. काय करावं?

– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर

वहिनी,

आधी सासूबाईंची भीती घालवू. त्यांना सांगा, लेकीशी पूर्वीसारखं पोटभर बोला, तुमचं बोलणं कुणी ऐकत नाही. भाऊजींचं बोलणं तुमच्या फोनमध्ये शिरतंय, तुमचं त्यांच्या सेटमध्ये जात नाही. टेलिफोनच्या तारेतून आपला आवाज जातो तो साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झच्या पट्ट्यात. तो तारेतच राहतो, बाहेर पडून हवेत पसरत नाही. भाऊजींचा सेट ऐकतो ते लाखो हर्ट्झच्या पट्ट्यातलं. त्यांनी मनात आणलं तरी त्या सेटवर त्यांना तुमच्या घरातलं आठच्या फोनवरचं बोलणं ऐकता येणार नाही. एक अपवाद सांगून ठेवतो. घरात फार जुना कॉर्डलेस फोन असेल, तर त्याचा हँडसेट आणि बेस यांच्यात हवेतून जाणारं बोलणं योग्य रिसीव्हर असलेल्या कुणालाही ऐकू येऊ शकतं. तसला फोन असेल तर तो निकालात काढा, भाऊजी असोत वा नसोत.

"शब्द कळत नाही, लय कळते" हे तुम्ही लिहिलंत ते फार कामाचं. हॅम मंडळी, म्हणजे भाऊजींसारखे हौशी वायरलेसवाले, लघुलहरींवर बोलताना बहुतेक वेळा एसएसबी, म्हणजे सिंगल साइडबँड पद्धत वापरतात. तिच्यात वाहक लहर पाठवतच नाहीत. ऐकणाऱ्याचा सेट ती स्वतः तयार करून आवाजात मिसळतो आणि मग शब्द उमटतात. तुमच्या फोनला हे मिसळणं कुठून जमणार? म्हणून नाकातून येतो तसा नुसता आवाज. टक्-टक् वाजतं तो मोर्स, म्हणजे ठिपके-रेघांची तारेची भाषा; तिची कळ दाबली-सोडली की फोनला बसणारा धक्का. उद्या याच फोनमध्ये स्वच्छ शब्दांत बाजारभाव किंवा भावगीत ऐकू आलं, तर समजा भाऊजी निर्दोष आहेत, ती एखाद्या मध्यमलहरी आकाशवाणी केंद्राची करामत आहे. तुमच्या वर्णनावरून मात्र संशय योग्य घरावरच गेलाय.

तरी संशय हा पुरावा नव्हे. फोनशेजारी एक वही ठेवा आणि आवाज आला की तारीख-वेळ टिपा, बाकी काही लिहायची गरज नाही. व्यवस्थित वागणारा हॅम लॉगबुक ठेवतो: कधी, कुठल्या फ्रीक्वेन्सीवर, कुणाशी बोललो. तुमची वही आणि त्यांची वही शेजारी-शेजारी ठेवली की वाद निम्म्यावर येतो. त्यांनी वेळ जीएमटीमध्ये लिहिली असेल, कारण बरेच जण तशीच लिहितात, तर साडेपाच तास मिळवायला विसरू नका. नाहीतर दोन्ही वह्या खऱ्या असून भांडण वाढेल. लाइनमन आला तेव्हा आवाज आला नाही याचंही कारण तिथंच सापडेल: त्या वेळी ते सेटवर नसणार. दिवसा दुपारी आलेल्या लाइनमनला रात्री आठचा रोग दिसत नाही.

आता हे होतं कसं. खांबावरून तुमच्या भिंतीपर्यंत जी ड्रॉप वायर येते, ती आणि घरातली वायर मिळून एक उत्तम अँटेना झालीय. संध्याकाळी हॅमची गर्दी असते ती बऱ्याचदा ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर, त्यालाच ते 'फोर्टी मीटर' म्हणतात. तिथं लहरीची लांबी साधारण ४२ मीटर, आणि तिच्या पाव लांबीची, म्हणजे साडेदहा मीटरच्या आसपासची तार लहर झेलायला फार सोयीची. पेठेतल्या बोळात खांबापासून घरापर्यंतचं अंतर तेवढंच भरतं. त्यात सासूबाईंच्या खोलीपर्यंत भिंतीच्या कडेनं नेलेली वायर वेगळीच.

पण तारेनं लहर झेलली एवढ्यानं आवाज येत नाही. टेलिफोनच्या दोन तारा जोडीनं येतात. बाहेरची लहर दोघींत सारखीच शिरते आणि फोन ऐकतो तो फक्त दोघींमधला फरक. बैलजोडी सारखी ओढत असते तोवर गाडी सरळ चालते, एक बैल लंगडला की गाडी बांधावर. एका तारेचा जोड गंजला, घरात पिळाच्या वायरऐवजी चपटी वायर टाकली, एका बाजूला ओल आली, की दोन तारा सारख्या राहत नाहीत आणि लहरीचा काही भाग आवाजाच्या वाटेला लागतो. पुढचं काम फोनमधली इलेक्ट्रॉनिक सर्किट करते. ट्रान्झिस्टर आणि आयसीमधले जोड वीज एका बाजूनंच नीट जाऊ देतात, त्यामुळे जोरदार लहर आली की ते डिटेक्टर होऊन बसतात. जुन्या क्रिस्टल रेडिओत खडा हेच काम करायचा. म्हणजे तुमचा फोन, कुणी न सांगता, रेडिओ झालाय. डायल फिरवायचे जुने काळे फोन या दुखण्याला सहसा बळी पडत नसत, कारण त्यांच्यात इलेक्ट्रॉनिक असं जवळपास काही नव्हतंच.

तर दोष कुणाचा? तुमच्या ह्यांना आवडणार नाही, पण भाऊजी अर्धे बरोबर आहेत. हौशी रेडिओचं लायसन परीक्षा देऊन मिळतं. ते केंद्र सरकारच्या दळणवळण मंत्रालयाची डब्ल्यूपीसी (वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन) शाखा देते आणि त्यासाठी १९७८ मध्ये नियम केले गेले. 'रिस्ट्रिक्टेड' दर्जाला ५० वॉट, 'जनरल' दर्जाला ४०० वॉटपर्यंत शक्ती वापरता येते. जनरलवाल्यांचं नाव म्हणजे कॉल साइन बहुधा व्हीयू२ नं सुरू होतं, रिस्ट्रिक्टेडवाल्यांचं व्हीयू३ नं. लायसन दाखवा म्हणण्यात गैर काही नाही, खरा हॅम ते अभिमानानंच दाखवतो. त्यांचा सेट नेमून दिलेल्या पट्ट्यात, मर्यादेत आणि स्वच्छ चालत असेल, तर रेडिओ ऐकू नये म्हणून बनवलेल्या वस्तूत रेडिओ ऐकू येणं हा त्या वस्तूचा कच्चेपणाच. स्वस्त फोनमध्ये चार आण्याचं फिल्टर घालायचं राहून जातं, त्याचं हे बिल.

आणि तरीही "दोष तुमच्या फोनात आहे" हे शेजाऱ्याला द्यायचं उत्तर नव्हे. डॉक्टरनं दुखणं सांगून दार लावून घेतलं तर काय उपयोग? माझं मत सरळ आहे: दुरुस्ती मुख्यतः तुमच्या घरात करावी लागेल, पण तिचं सामान भाऊजींनी आणावं आणि हातही त्यांनीच लावावेत. दोन्ही घरांत या कामाची जाण फक्त त्यांना आहे आणि तार त्यांनी नवीन ओढलीय. वायरीवर घालायच्या फेराइटच्या रिंगांसाठी रंकाळ्याची चक्कर बंद ठेवणं कुणालाच परवडणारं नाही.

एखाद्या रविवारी दोन्ही घरांनी मिळून तपासणी करा. भाऊजी त्यांच्या खोलीत सेटपाशी, तुम्ही फोनपाशी, मध्ये मोबाइल. त्यांनी ठरलेल्या वेळी एकेका पट्ट्यावर थोडं थोडं बोलायचं, तुम्ही फक्त 'येतोय' किंवा 'नाही' म्हणायचं. सुरुवातीला घरातलं सगळं लाइनवरून काढा: वरचा फोन, खालचा फोन, मोडेम, नंबर दाखवणारी डबी, असेल ते. मग भिंतीवरच्या पहिल्या डबीत, जिथं बाहेरची वायर येते तिथं, एकच साधा वायरचा फोन थेट लावा. आवाज आला नाही? मग तुमची बाहेरची लाइन ठीक आहे, रोग घरात आहे. एकेक वस्तू परत जोडत जा. ज्या क्षणी आवाज सुरू होईल ती वस्तू किंवा तिच्याकडे जाणारी वायर गुन्हेगार. माझा अंदाज विचाराल तर, सासूबाईंच्या खोलीकडे गेलेली ती लांब वायर. एकाच फोनवर येतो आणि दुसऱ्यावर येत नाही असं झालं तर वायरीला हात लावायचीच गरज नाही, तो फोन बदला.

पहिल्या डबीतच, दोन वेगवेगळ्या फोनवर आवाज आला, तर मात्र डबी उघडून बघा. कोल्हापूरच्या चार महिन्यांच्या पावसात भिजलेल्या भिंतीवरची डबी उघडली की बहुतेक वेळा एकच दृश्य असतं: स्क्रूच्या खाली तांब्याची तार हिरवट पडलेली, स्क्रूच्या माथ्यावर पांढरी भुकटी, एका कोपऱ्यात कोळ्याचं जाळं आणि मुंग्यांनी आणलेली माती. ही हिरवी पुटं नुसती कुरूप नसतात. गंजलेला जोड स्वतःच डायोडसारखा वागतो, म्हणजे फोनच्या आत जाण्याआधीच आवाज तयार होतो आणि मग फोन कितीही चांगला आणा. तार मागं कापून नवीन टोक काढायचं, स्क्रू बदलायचे, घट्ट बसवायचे. लाइनवर एरवी ४८ व्होल्टच्या आसपास असतं, पण रिंग वाजताना ती सत्तर-ऐंशी व्होल्टच्या घरात जाते, बोटाला चांगला झटका बसतो. म्हणून रात्री आठच्या ठोक्याला हे काम काढू नका. पहिल्या डबीच्या पलीकडचं, म्हणजे ड्रॉप वायर, खांबावरची डीपी म्हणजे जोडणीची पेटी, सगळं कंपनीचं आहे, तिथं लाइनमनच चढेल. त्याला नुसतं "आवाज येतो" म्हणून सांगू नका, तो पुन्हा ऐकून काहीच नाही म्हणून जाईल. "ड्रॉप वायरचे जोड गंजलेत, वायर बदलून द्या" असं लेखी द्या.

आता मुख्य औषध: फेराइट. चार्जरच्या किंवा मॉनिटरच्या वायरीवर जाड गाठ असते ना, तिच्या आत असतं तेच. दोन्ही तारांतून एकाच दिशेनं येणाऱ्या रेडिओ लहरीला ते अडवतं आणि तुमचं बोलणं, जे एका तारेतून जातं आणि दुसरीतून परततं, त्याला अडवत नाही. लोक इथं एकच चूक करतात. बाजारातून क्लिपचं फेराइट आणतात, वायरीवर एकदा चटकन बसवतात आणि फरक पडला नाही म्हणून फेकून देतात. वायर एकदाच आरपार गेली तर ७ मेगाहर्ट्झवर अडवणूक नगण्य. वेढे वाढले की ती वेढ्यांच्या वर्गाच्या पटीत वाढते: दोन वेढ्यांना चौपट, दहाला सुमारे शंभरपट. म्हणून क्लिप नको, गोल रिंग घ्या, बाहेरून साधारण ६ सेंटीमीटरची. तिच्यातून फोनची वायर जोडीनं, दोन्ही तारा एकत्र, दहा ते चौदा वेळा ओवा. वेढे एकावर एक चढवू नका, रिंगभर शेजारी-शेजारी पसरा, आणि आत जाणारं टोक आणि बाहेर येणारं टोक एकमेकांपासून लांब ठेवा, नाहीतर लहर एका टोकावरून दुसऱ्यावर उडी मारते. वायरीच्या टोकाचा प्लग रिंगमधून जात नसेल तर एक छोटी जोडवायर घेऊन तिच्यावर वेढे घाला आणि ती मध्ये लावा, चालू वायर कापू नका.

कुठलं फेराइट? भाऊजींना 'मिक्स ३१' म्हटलं की कळेल. लघुलहरींसाठी ते सगळ्यात भरवशाचं, 'मिक्स ४३' ही चालतं. पिवळ्या-पांढऱ्या किंवा लाल रंगाच्या रिंगा दुकानदार गळ्यात मारील, त्या लोहचूर्णाच्या असतात, या कामाला बिनकामाच्या. ऑनलाइन मागवायचं नसेल तर जुन्या डबा टीव्हीच्या मागच्या योकमधलं, म्हणजे पिक्चर ट्यूबच्या मानेवरच्या गुंडाळीमधलं, फेराइट कामचलाऊ म्हणून चालून जातं. टीव्ही दुरुस्तीवाल्याकडं किंवा भंगारात असे टीव्ही पडलेले असतात. पण ते काढण्याचं काम दुरुस्तीवाल्याकडूनच करून घ्या. पिक्चर ट्यूबमध्ये बंद केल्यावरही करंट साठून राहतो, तिथं घरगुती धाडस नको.

रिंग बसवायची जागाही महत्त्वाची: फोनला अगदी चिकटून. रिंग भिंतीच्या डबीपाशी आणि तिथून पुढं फोनपर्यंत दोन मीटर वायर असेल, तर ती दोन मीटर पुन्हा अँटेना होते. सासूबाईंच्या फोनला एक, खालच्याला एक, आणि गरज पडली तर पहिल्या डबीत लाइन आत येते तिथं एक. एवढं करूनही आवाज राहिला तर हँडसेटच्या गुंडाळीच्या वायरीवर, फोनच्या बाजूला, एक लहान रिंग घालून बघा, कारण रिसीव्हरची वायर स्वतःच लहर झेलते. कॉर्डलेस असेल तर त्याच्या अडॅप्टरच्या वायरीवरही वेढे हवेत. लहर नेहमी फोनच्याच तारेनं येते असं नाही, विजेच्या तारेनंही येते.

वरच्या खोलीला गेलेली वायर चपटी असेल तर ती काढून नेटवर्कची, म्हणजे लॅनची वायर टाका आणि तिच्यातली पिळलेली एक जोडी वापरा. तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असल्या की दोघींवर लहर सारखी पडते. या एका बदलानं काही घरांत रिंगांची गरजच उरत नाही. काम अवघड नाही, फक्त भिंतीवरच्या खिळपट्ट्या उपटून पुन्हा ठोकायचा कंटाळा.

ब्रॉडबँड याच लाइनवर आहे म्हणता, म्हणून दोन गोष्टी जपा. तुमच्याकडं मोडेमसोबत आलेला स्प्लिटर आहे, त्यालाच फिल्टर समजून स्वस्थ बसू नका. तो फोनचा आवाज आणि इंटरनेट वेगळे करतो. दोन्ही तारांत सारखी शिरणारी लहर त्याच्यातून बिनधास्त जाते. आणि दुसरं, कुणी सांगेल की फोनच्या दोन तारांमध्ये १००० पिकोफॅरडचा, '१०२' छापलेला सिरॅमिक कपॅसिटर टाका. उपाय जुना आणि खरा आहे, पण तो स्प्लिटरच्या पुढं, फक्त फोनच्या बाजूला, आणि रिंगच्या व्होल्टेजला पुरून उरेल असा, १ किलोव्होल्टचा. मोडेमच्या बाजूला गेला तर तुमचं नेट लंगडेल. ब्रॉडबँडचे सिग्नल त्याच तारेतून साधारण २५ किलोहर्ट्झपासून काही मेगाहर्ट्झपर्यंत धावतात आणि कपॅसिटर त्यांनाच गिळतो. फेराइटच्या रिंगेचं तसं नाही, ती मोडेमच्या वायरीवरही निर्धास्त घालता येते. भाऊजी बोलायला लागले की नेट तुटतं का, हेही त्या रविवारी बघून घ्या. तुटत असेल तर रिंग तिथंही हवी.

मुलाचं म्हणणं अर्धवट पटतं. लँडलाइन काढू नका, सासूबाईंचा आधार आहे तो. पण तांब्याची लाइन सोडून फायबरवर जायचा विचार करा. काचेच्या तंतूवर रेडिओ लहरीचा काही परिणाम होत नाही, त्यामुळे खांबापासून घरापर्यंतचा अँटेनाच नाहीसा होतो. मात्र फायबरच्या डबीपासून फोनपर्यंत पुन्हा तांब्याची वायर असते, आणि फोन तोच असतो, म्हणून आवाज शंभर टक्के जाईलच असं समजू नका. नंबर तोच राहील का, आणि दिवे गेल्यावर फोन किती वेळ चालेल, हे दोन्ही आधी लेखी विचारून घ्या. तांब्याच्या लाइनवरचा साधा फोन एक्स्चेंजच्या बॅटरीवर चालतो, फायबरच्या डबीला घरची वीज लागते.

पुढचा परिच्छेद भाऊजींना वाचायला द्या, त्यातली भाषा त्यांना कळेल.

भाऊ, आधी बघा, तुमच्या स्वतःच्या घरातला फोन तुमच्या आवाजापासून स्वच्छ आहे का. नसेल तर बोलायची सोय नाही. असेल तर वहिनींना तो दाखवा, निम्मा राग तिथंच ओसरेल. १०० वॉटचा सेट २५ वर आणून बघा. समोरच्याच्या मीटरवर फक्त एक एस-युनिट कमी दिसेल, पण फोनमधला डिटेक्शन हा शक्तीच्या प्रमाणात चालतो, म्हणजे शेजारच्या फोनमधल्या आवाजाचं व्होल्टेज चौथ्या हिश्श्यावर येईल. गच्चीवरची ती तार एका टोकानं फीड केलेली लाँग वायर असेल, तर तिच्या परतीचा करंट घरच्या अर्थिंगमधून आणि शेजाऱ्यांच्या वायरिंगमधून वाट शोधतो. शक्य असेल तर मध्यातून फीड केलेला डायपोल करा आणि फीडपॉइंटला १:१ चा करंट बॅलन घाला. तारेचं टोक वहिनींच्या कठड्यापासून दूर न्या आणि तार ड्रॉप वायरला समांतर ठेवू नका, काटकोनाच्या जितकी जवळ जाईल तितकं बरं. तुम्हाला कुणी असं सांगेल की ट्रान्समीटरच्या मागं लो-पास फिल्टर लावा. जरूर लावा, पण टीव्हीसाठी. फोनला त्रास देते ती तुमची मूळ लहर, तिचे हार्मॉनिक, म्हणजे तिच्या पटीतल्या लहरी, नव्हेत, त्यामुळे तेवढ्यानं हे थांबणार नाही. आणि हे सगळं होईपर्यंत रात्री आठ ते साडेआठ सेट बंद ठेवा. रेडिओवरचे मित्र थांबतील, गडहिंग्लजची ताई थांबणार नाही.

वहिनी, आता ह्यांच्या पक्कडीविषयी. तार तोडायला जाऊ देऊ नका. प्रक्षेपण चालू असताना अशा तारेच्या टोकाशी फार मोठं व्होल्टेज असतं, हाताला खोलवर भाजतं, आणि शेजाऱ्याची तार तोडली की तक्रारदार आपण न राहता तो होतो. पोलीस ठाण्यातही या अर्जाचं कुणाला काही करता येणार नाही. तिथं फ्रीक्वेन्सी मोजायचं यंत्र नसतं. लायसन नाहीच, किंवा समजावूनही शेजारी दाद देत नाही, असं असेल तर तक्रार करायची ती दळणवळण मंत्रालयाकडं. रेडिओ लहरींवर लक्ष ठेवणारी वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशन ही त्याच मंत्रालयाची यंत्रणा आहे. तुमची वेळांची वही तिथं उपयोगी पडेल. पण ते आले, सेट मोजला, सगळं नियमात निघालं, तर शेवटी रिंग घ्यायला तुम्हीच जाणार. म्हणून आधी रिंग, मग अर्ज.

ह्यांना एवढंही सांगा की ही हौस अगदीच निरुपयोगी नाही. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत अंदमानात टेलिफोन बंद पडले, तेव्हा तिथं हॅम मोहिमेवर गेलेल्या भारती प्रसाद यांच्या तुकडीनं पोर्ट ब्लेअरहून रेडिओवर निरोप पोचवले. आपण २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी पाहिलंय, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेलेला पाहिलाय. तशा वेळी गच्चीवर तार आणि खाली बॅटरी असलेला शेजारी असणं बरं. अर्थात पुरात उपयोगी पडतो म्हणून त्याला रोज रात्री तुमच्या सासूबाईंच्या कानात बोलायचा परवाना मिळत नाही.

पहिलं पाऊल तुम्हीच टाका, कारण ह्यांच्याकडून ते होईलसं दिसत नाही. भाऊजींच्या घरी जा आणि तक्रार न करता एकच विचारा: "रविवारी तुमच्या सेटवर थोडा वेळ बोलता का, आम्हाला फोन तपासायचाय." असं विचारल्यावर नाही म्हणणारा हॅम मला तरी अजून भेटलेला नाही, त्यांना तपासणीचा नाद बोलण्यापेक्षा जास्त असतो. तपासणी झाली की मला परत लिहा. तीन गोष्टी नक्की कळवा: कुठल्या पट्ट्यावर आवाज येतो, पहिल्या डबीत एकट्या फोनवर येतो का, आणि तुमचा आवाज ऐकणाऱ्या नणंदबाईंनाही तो ऐकू येतो की फक्त तुम्हाला. त्यावरून पुढची रिंग कुठं घालायची ते सांगेन.